टेबलाखालचा मुकादम

२०२२ साली बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठानं संशोधक पोरांच्या टेबलांखाली सेन्सर चिकटवले. न विचारता. जागा किती वापरली जाते ते बघायचं, म्हणे. यंत्र अंगाची ऊब हुंगतं, नाव नाही! पण टेबलं नेमून दिलेली. मग नाव कशाला लागतंय? गोदीतला मुकादम निदान तोंडावर नाव पुकारतो. पोरांनी सेन्सर उपटले. प्रशासनाला माघार घ्यावी लागली.

दोस्तहो, रिकाम्या खोल्या मोजायला आमची ना नाही. दारं बंद करून कुणासाठी पंखे फिरतात ते खुशाल मोजा. खोली मोजा, खुर्चीतला माणूस नको. आणि मोजून झाल्यावर किल्ली कुणाच्या हातात? दहा बाय दहाच्या खोलीत रात्री पुस्तक उघडायला कोपरा नसलेल्या पोरीच्या, की भाडेकरू कंपनीच्या? ते आधी बोला.