विश्लेषण : याकुझाच्या सावलीतील प्रेमकथा वाचकांना का भावतात?

जपानी चित्रकथा, म्हणजेच ‘मंगा’, वाचण्यासाठी मुंबई-पुण्याची पुस्तकांची दुकाने गाठण्याची गरज आता उरलेली नाही. खामगावातही हातातला मोबाइल पुरतो. दोन पुरुषांमधील प्रेम रंगवणारा ‘बॉइज लव्ह’ किंवा ‘बीएल’ हा त्यातलाच एक प्रकार. गुन्हेगारी टोळ्यांच्या पार्श्वभूमीवरील बीएल कथांचे चाहते जगभर आहेत. त्यांना यात काय सापडते, हे नाक न मुरडता समजून घ्यायला हवे.

हा प्रकार आला कुठून?

१९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया यांच्यासारख्या चित्रकथाकार स्त्रियांनी मुलींच्या नियतकालिकांत मुलामुलांमधील प्रेमाच्या कथा आणल्या. ताकेमिया यांची ‘काझे तो की नो उता’ १९७६ मध्ये सुरू झाली. आजही या कथा लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्यांत स्त्रियाच अधिक आहेत. जपानी चाहत्या स्वतःला थट्टेने ‘फुजोशी’ म्हणजे ‘नासलेली मुलगी’ म्हणवून घेतात.

याकुझा म्हणजे कोण?

जपानमधील संघटित गुन्हेगारी टोळ्या. इथे म्होरक्या ‘ओयाबुन’ म्हणजे बापाच्या जागी, तर हाताखालचे ‘कोबुन’ म्हणजे लेकरांच्या जागी. साकेचा प्याला घेऊन हे नाते पक्के होते. चुकीचे प्रायश्चित्त म्हणून करंगळीचे पेर कापून देण्याची प्रथाही होती. १९६० च्या दशकातील जपानी चित्रपटांनी कर्तव्य आणि माया यांच्या कात्रीत सापडलेला याकुझा नायक लोकप्रिय केला. बीएलने तीच कात्री उचलली आणि मायेच्या जागी प्रेम ठेवले.

वाचकांना नेमके काय आवडते?

कोउ योनेदा यांची ‘साएझुरु तोरी वा हाबाताकानाई’ ही मालिका पाहा. २०११ मध्ये सुरू झालेल्या या कथेवर २०२० मध्ये अ‍ॅनिमेशनपटही आला. बालपणीच्या अत्याचाराची जखम वागवणारा याशिरो हा टोळीतला बडा माणूस. दोमेकी हा पोलिसाची नोकरी गेलेला, अबोल अंगरक्षक. कथेत रक्तपात आहे, पण वाचक अडकतो तो वेगळ्याच प्रश्नात : जवळीक सहन न होणारा हा माणूस कधी कुणावर विश्वास टाकेल का?

जिथे हळवेपणा जिवावर बेतू शकतो, तिथे एका मऊ शब्दालाही वजन येते. टोळीची पार्श्वभूमी प्रेमाला ही किंमत मिळवून देते. शिवाय दोघेही पुरुष असल्याने ‘नायिकेने कसे वागावे’ हे ठरलेले साचे गळून पडतात. स्वतःची तुलना नायिकेशी न करता वाचक स्त्री दोघांपैकी कुणाच्याही मनात शिरू शकते.

आपल्याला हे परके आहे का?

टोळी परकी आहे, लपवाछपवी नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या सुतकात गावी आलेला तरुण, लग्नाचा तगादा आणि बालमित्राशी जुळणारे नाते. बंदूक नसली तरी धास्ती तीच. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. घरातली धास्ती मात्र निकालाने संपत नाही.

आक्षेपांचे काय?

ते खरे आहेत. वास्तवातील याकुझा खंडणीखोर आहेत. १९९२ पासून लागू झालेल्या कायद्याने त्यांना वेसण घातली. १९६० च्या दशकात १ लाख ८० हजारांवर गेलेली त्यांची संख्या आता २० हजारांच्या आसपास आली आहे. काही कथांत बळजबरी हेच प्रेम म्हणून खपवले जाते, ते धोकादायक आहे. अनेक कथा केवळ प्रौढांसाठी असतात; चोरट्या संकेतस्थळांवर मात्र वयाची अट नावापुरतीच असते, आणि लेखिकेला छदामही मिळत नाही.

म्हणून लहानांच्या हाती या कथा पडू नयेत, हे पालकांनी पाहायलाच हवे. पण सज्ञान मुलीच्या मोबाइलवर अशी कथा दिसली तर तो हिसकावून काय साधणार? तिला त्यात काय आवडते, हे विचारावे. संमती, विश्वास आणि बळजबरी यांतला फरक घरात बोलण्याची संधी एरवी फारशी येत नाही.