रायगडची जमीन : जोखीम कुणाची, नफा कुणाचा?

"अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ झाला. रायगडात भाव चढलेत. गावची जमीन नुसती पडून आहे, विकून पैसा फिरवा. भावनेत अडकू नका, जोखीम घ्यायला शिका." हा सल्ला हल्ली आपलेच शिकलेसवरलेले बांधव देतात. आम्हाला तो मान्य नाही. भावनेपोटी नव्हे, हिशेब करूनच आम्ही तो नाकारतो.

बाजार विचारतो, किती टक्के सुटतील? आम्ही विचारतो, बुडालं तर मागे काय उरेल? किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला किनारा नियमन कायद्याच्या भंगापायी मार्च २०१९ मध्ये स्फोटकं लावून पाडला गेला. म्हणजे जोखीम धनिकालाही असते. पण त्या बंगल्यावाचून त्याची चूल विझली नाही. ज्याचे दहा प्लॉट आहेत, त्याचा एक बुडाला तरी नऊ उरतात. आपल्या कुटुंबाकडे असतात वीस गुंठे, तेही सात-आठ वारसांच्या सामाईक नावावर. ते गेले की हाती उरते त्याच जागेवरच्या फार्महाऊसची वॉचमनकी. तोट्याची शक्यता दोघांना सारखी असेल. तोटा सारखा नसतो.

त्यात आपल्या बऱ्याच जमिनी वतनाच्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ अशी नोंद. बिगरशेतीसाठी विकायची तर सरकारी परवानगी हवी, नजराणा भरायला हवा. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होऊ शकते. दलाल म्हणतो, "कागदाचं आम्ही बघतो." थोडा इसार देतो, कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतो, एका भावाला गाठतो आणि कायद्याने समान हिस्सा असलेल्या बहिणींना वगळतो. कागद सुटला तर वाढलेला भाव त्याचा. कागद अडकला तर नोटीस आपल्या दारात. याला गुंतवणूक म्हणायचं?

रायगडला हा व्यवहार नवा नाही. खोतीत हेच होतं. पाऊस दगा देवो की भरती शेतात शिरो, नुकसान कुळाचं आणि खंड खोताचा. म्हणूनच अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला आणि १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. खोत गेला, त्याचा हिशेब दलालाने उचलला.

यावर काहीजण म्हणतील, "बाबासाहेबांनीच तर खेडं सोडायला सांगितलं." हो, सांगितलं. पण खेड्यातली गुलामगिरी सोडणं वेगळं आणि हातातली जमीन मातीमोल भावाने सोडणं वेगळं. १९२८ च्या वतन विधेयकात त्यांची मागणीच ही होती की वतनाची चाकरी जावी आणि जमीन मात्र आपल्या माणसांकडे राहावी. अर्धीच गोष्ट सांगून त्यांचं नाव दलालीला जोडू नका.

विकूच नये, असं आमचं म्हणणं नाही. पोरांचं शिक्षण, आजारपण ही खरी कारणं आहेत. पण विकायचंच तर परवानगी आधी, सर्व वारसांच्या सह्या समोरासमोर आणि पूर्ण रक्कम बँकेतून. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. आणि मुंबई-पनवेलला नोकरी करून हप्त्यावर प्लॉट घेणाऱ्या तरुणांनो, तुम्हीही सातबारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि महारेरा नोंदणी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका. शेतकरी नसणाऱ्याला कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. शिवाय तुमचा स्वस्त प्लॉट कुणाच्या वतनाचा आहे, हेही विचारा.

कार्यकर्त्यांना एकच विनंती : रविवारी वंदनेनंतर विहारात सातबारा वाचायला बसा. प्रत्येक घराचा गट नंबर, वर्ग आणि वारसनोंद तपासा. दलाल गावात यायच्या आधी आपला कागद आपल्याला वाचता आला पाहिजे.

जय भीम!