मालक बदलतो, कामगाराचे काय?

आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एसटी कामगाराची परंपरा निजामी राजवटीपर्यंत जाते. १९३२ साली निजाम राज्य रेल्वेने २७ मोटारी व १६६ कर्मचारी यांच्यानिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. १९५१ मध्ये हा विभाग हैदराबाद सरकारकडे आला. १९५६ मध्ये मराठवाड्याचा भाग मुंबई राज्यात गेला आणि १९६१ मध्ये महामंडळात विलीन झाला. म्हणजे येथील वाहतूक कामगार एकेकाळी सरकारी नोकरच होता. २०२१ च्या संपातील विलीनीकरणाच्या मागणीला अवास्तव म्हणून हिणवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने एक हमी दिली होती : केंद्राच्या पूर्वसंमतीवाचून नोकरांच्या सेवाशर्ती त्यांचे अहित होईल अशा रीतीने बदलता येणार नाहीत. नकाशा बदलताना माणसाच्या मनातील धास्तीची दखल घेतली गेली. २०१७ मध्ये 'शिवशाही' आली, तेव्हा भाडेतत्त्वावरील गाडीत चालक ठेकेदाराचा व वाहक महामंडळाचा, असा प्रकार सुरू झाला. एका गाडीत दोन मालक! उद्या आपली जागा राहील काय, हा प्रश्न आगारात उभा राहिला, तो काय उगाच?

ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस संघटनांच्या संयुक्त कृती समितीने भत्त्यांवर तडजोड करून उपोषण मागे घेतले. कामगार मात्र थांबले नाहीत. नोव्हेंबरात सरकारने सेवाकालानुसार अडीच ते पाच हजारांची मूळ वेतनवाढ जाहीर केली, तरीही संप चिघळला. २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्याचा उच्च न्यायालयाचा आदेश आल्यावरच तो ओसरला. आकड्यांना उत्तर मिळाले होते; असुरक्षिततेला व अवहेलनेला नव्हते. वाटाघाटीच्या दालनातील पुढाऱ्यांना भत्त्याचे दर पाठ होते, विश्रांतिगृहातील माणसाचे मन मात्र ठाऊक नव्हते.

कामगार चळवळीने यातून बोध घ्यावा. कोणत्याही बदलापूर्वी आगारनिहाय विचारविनिमय व सेवाशर्तींची लेखी हमी, या मागण्या वेतनाइतक्याच मूलभूत आहेत. ठेकेदाराच्या चालकालाही संघटनेत सामावून घेतले पाहिजे. तो प्रतिस्पर्धी नव्हे, अधिक नागवला गेलेला बांधव आहे. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा येथील आगारांत कार्यकर्त्यांनी आधी ऐकावयास जावे, भाषण करावयास नंतर.