कराचीची धूळ मुंबई-पुण्यात कशी पोचते, आणि तिचा अंदाज आधी देणं इतकं अवघड का आहे?

23 जानेवारी 2022, रविवार. मुंबईकर सकाळी उठले तर समोरच्या इमारती धुरकट दिसत होत्या. पार्किंगमधल्या गाड्यांवर पांढरट पावडरीचा थर साचला होता. पुण्यातही तेच चित्र. सोशल मीडियावर फोटोंचा पाऊस पडला आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता, की ही धूळ आली कुठून?

उत्तर होतं पाकिस्तान. आदल्या दिवशी कराचीत धुळीचं वादळ झालं होतं. पश्चिमी विक्षोभामुळे सुटलेल्या जोरदार वाऱ्यांनी ती धूळ अरबी समुद्रावरून गुजरात, कोकण आणि पुण्यापर्यंत आणली. याआधी एप्रिल 2015 मध्ये अरबी द्वीपकल्पातल्या वादळाची धूळही मुंबईपर्यंत आली होती.

मग अशी धूळ येणार हे दोन-तीन दिवस आधी नेमकं सांगता येत नाही का? त्यासाठी कॉम्प्युटर मॉडेल वापरतात. ते कसं चालतं आणि कुठे अडतं, हे समजून घेऊ.

धूळ उडते कशी?

वारा आला की धूळ उडाली, इतकं हे सोपं नाही. अगदी बारीक कण एकमेकांना चिकटून बसतात, त्यामुळे नुसत्या वाऱ्याने ते सहज सुटत नाहीत. आधी हलतात ते वाळूचे थोडे मोठे कण. ते उड्या मारत पुढे जातात, जमिनीवर आपटतात आणि त्या माऱ्याने बारीक धूळ मोकळी होऊन वर उठते. ब्रिटिश लष्करी अभियंता राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटातल्या अनुभवावरून आणि प्रयोगशाळेतल्या प्रयोगांवरून वाळू कशी उडते याचं गणित मांडलं. त्यांचं पुस्तक 1941 मध्ये आलं. आजची मॉडेल्सही त्याच पायावर उभी आहेत.

या गणितात दोन गोष्टी कळीच्या आहेत. पहिली, वाऱ्याने एक ठरावीक वेग ओलांडल्याशिवाय कण हलत नाहीत. दुसरी, तो वेग ओलांडला की उडणारी धूळ साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वाऱ्याचा अंदाज फक्त 10 टक्क्यांनी चुकला, तर धुळीचा हिशेब सुमारे 33 टक्क्यांनी चुकतो.

जोतिबाचा गुलाल आठवा

उडालेली धूळ पुढे कुठे जाते, हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. चैत्र यात्रेत वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर गुलालाची उधळण होते. मुठीतले खडे लगेच खाली पडतात. बारीक गुलाल मात्र हवेत तरंगत राहतो आणि लांब उभ्या असलेल्या माणसालाही रंगवतो. गुलाल ओला झाला की त्याचे गोळे होतात आणि तो उडत नाही.

वाळवंटातही असंच होतं. मोठे कण जवळच पडतात आणि बारीक कण शेकडो किलोमीटर जातात. जमीन ओली असेल, गवत असेल किंवा मातीवर कडक पापुद्रा असेल, तर धूळ कमी उठते. म्हणून मॉडेलला वाऱ्यासोबत जमिनीतला ओलावा, झाडोरा, मातीचा पोत आणि कणांचा आकार हे सगळं सांगावं लागतं. थर असो, सिंध असो की इराण-अफगाणिस्तान सीमेवरचं सिस्तान, तिथल्या प्रत्येक मैदानाची ही माहिती ताजी मिळणं कठीण असतं.

मग मॉडेल चुकतं कुठे?

मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या जागतिक अंदाजात हा चौकोन सुमारे 40 किलोमीटरचा असतो. जोतिबाचा डोंगर, पन्हाळा आणि कोल्हापूर शहर अशा एकाच चौकोनात बसू शकतात. त्या सगळ्यांसाठी वाऱ्याचा आकडा एकच धरला जातो. धूळ उठवणारा अचानकचा झोत अशा सरासरीत हरवतो.

उपग्रहांमुळे हवेतली धूळ दिसते आणि मॉडेल दुरुस्त करता येतं. पण ढग आले की उपग्रहाला खालचं दिसत नाही. आणि पश्चिमी विक्षोभ येतो तो बहुतेक वेळा ढग घेऊनच.

याचा आपल्याशी काय संबंध?

पहिला संबंध तब्येतीचा. दम्याचे रुग्ण, लहान मुलं आणि वयस्कर माणसांना एक दिवस आधी इशारा मिळाला, तरी घरात थांबणं किंवा मास्क लावणं शक्य होतं. पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेने 2018 मध्ये दिल्लीसाठी हवेच्या दर्जाची पूर्वसूचना देणारी यंत्रणा उभी केली. याच संस्थेच्या 'सफर' सेवेतून मुंबई-पुण्याचे अंदाज मिळू लागले. लहान शहरांना त्या तोडीचा स्थानिक अंदाज मिळणं ही पुढची गरज आहे.

दुसरा संबंध जबाबदारीचा. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात कोल्हापूरही आहे. पीएम 10 म्हणजे 10 मायक्रॉनपर्यंतचे कण कमी करणं हे त्याचं मुख्य उद्दिष्ट. भारतात 24 तासांची मर्यादा घनमीटरमागे 100 मायक्रोग्रॅम आहे. पण हवा मोजणारं यंत्र फक्त वजन सांगतं. धूळ सिंधची की शहरातल्या उखडलेल्या रस्त्याची, हे त्यावरून कळत नाही. हा वाटा वेगळा काढायला मॉडेलची मदत लागते. युरोपीय संघात सहाराची धूळ पुराव्यासह हिशेबातून वगळता येते.

मात्र यात एक धोका आहे. मॉडेल कच्चं असेल, तर 'बाहेरून आली' म्हणत स्थानिक धूळही खपवता येईल. बाहेरची वादळं वर्षातले मोजके दिवस असतात. रस्ते, बांधकामं आणि वाहनांची धूळ रोजची असते. वाळवंटातला वारा कुणाच्या हातात नाही, पण त्याचा अचूक हिशेब ठेवला तर उरलेली धूळ कुणाची, हा प्रश्न महापालिकेला नेमकेपणाने विचारता येईल.