सर, आम्ही तुमचा फोटो कधी काढायचा?



दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. परिपाठ संपला, मी नेहमीप्रमाणे खिशातून मोबाइल काढून रांगांचा फोटो घेतला. तेवढ्यात चौथीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही रोज आमचा फोटो काढता. आम्ही तुमचा कधी काढायचा?" पोरं हसली, मीही हसलो. पण उत्तर काही माझ्याकडे नव्हतं. आमची द्विशिक्षकी शाळा. परिपाठाचा फोटो, पोषण आहाराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, कुठल्या ना कुठल्या दिनाचा फोटो. एवढे फोटो दर महिन्याला आमच्या मोबाइलमध्ये साठतात आणि त्यातला एकही मुलांनी काढलेला नसतो.

त्या आठवड्यापासून तिसरी-चौथीच्या मुलांना मी फोटो काढायला शिकवतोय. केंद्राच्या शिक्षण परिषदेत हे सांगितलं तेव्हा एक जुने गुरुजी म्हणाले, "आधी वाचता येऊ द्या, मग फोटोग्राफी." हा मुद्दा हसण्यावारी न्यायचा नाही. माझ्याही वर्गात जोडाक्षराला अडखळणारी मुलं आहेत. तरीही माझं मत असं की हे लाड नव्हेत. परिसर अभ्यास आणि भाषा या दोन्ही विषयांचं हे काम आहे, आणि त्यासाठी वेगळा तास लागत नाही.

सुरुवात मोबाइलने करू नका, हे मात्र आवर्जून सांगेन. पहिला आठवडा आम्ही फक्त उजेड पाहिला. आमच्या वर्गाच्या पत्र्याला खिळ्याची जुनी भोकं आहेत. पावसाळ्यात ती वैरी, पण उन्हाळ्या-हिवाळ्यात त्यातून कवडसे पडतात. भोक वेडंवाकडं, पण जमिनीवर पडणारा कवडसा लांबट गोल. पाटी उन्हाकडे तिरकी धरली की तो पुरता गोल होतो. पाटी वर वर नेली की लहान होत जातो. असं का? कारण तो भोकाचा आकार नाहीच, ते सूर्याचं चित्र आहे. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात झाडाखालचे कवडसे कोरीसारखे दिसले होते, ते याच कारणाने. मग चपलांच्या खोक्याला सुईने भोक पाडलं, समोरची बाजू कापून तिथे तेल लावलेला कागद चिकटवला आणि डोक्यावरून घोंगडी घेऊन एकेकाला पाहायला लावलं. कागदावर अंगणातलं कडुलिंबाचं झाड उलटं! उजेड सरळ रेषेत जातो, म्हणून वरचा शेंडा खाली येतो. हे वाक्य वरच्या वर्गात पाठ करावं लागतं, इथे तिसरीतल्या पोरानं ते घोंगडीतून ओरडून सांगितलं. कॅमेरा म्हणजे मुळात हे खोकंच, हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात वह्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटी कापल्या. चौकट डोळ्यासमोर धरायची आणि आत काय आलं, बाहेर काय राहिलं ते सांगायचं. चित्राचे तीन भाग करा, वस्तू मधोमध ठेवू नका, असले नियम मी शिकवले नाहीत. नियम आधी दिला की मुलं वस्तूकडे न बघता नियमाकडे बघतात. आपल्या निबंधांचं असंच झालंय ना?

मग मोबाइल. माझा जुना, सिमकार्ड काढलेला. शिकवलं ते एवढंच: काच पुसून घ्या. कोपरं अंगाला टेकवा. झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. माणूस दाराकडे पाठ करून उभा असेल तर तोंड काळं येतं, त्याला दाराकडे तोंड करून बसवा. तेही जमत नसेल तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे फोन तिथला उजेड धरतो. आणि प्रत्येकाला फक्त तीन फोटो. पूर्वी रोलमध्ये 36 फोटो यायचे, ते अख्ख्या लग्नाला पुरवायचे, म्हणून माणूस विचार करून बटण दाबायचा. तीनच म्हटल्यावर आमची पोरंही मैदानाला दोन फेऱ्या मारून मग ठरवायला लागली.

एका मुलानं गोठ्यातल्या वासराचा फोटो आणला. सगळा हललेला. "माझी शाळा" यावर चार ओळी न लिहिणाऱ्या या मुलानं फोटोखाली लिहिलं, "गोठ्यात उजेड कमी होता आणि वासरू हलत होतं म्हणून फोटो हालला." 'म्हणून' वापरून त्यानं आपणहून लिहिलेलं हे माझ्या पाहण्यातलं पहिलं वाक्य. आणि कारणही बरोबर. उजेड कमी असला की कॅमेरा जास्त वेळ उघडा राहतो, तेवढ्यात वासरू मान फिरवतं. 'हालला' मी लाल पेनाने दुरुस्त केलं नाही.

मुलांनी वर्गाचेही फोटो काढले. त्यांच्या उंचीवरून. त्यात भिंतीवरचे माझे तक्ते नुसते चकाकत होते, एक अक्षर वाचता येईना. चार वर्षं ते तिथेच होते. दुसऱ्या दिवशी दोन फूट खाली घेतले.

आता मूळ गोष्ट. तो प्रश्न विचारणारी मुलगी घरून दोनच फोटो घेऊन आली. एक कांद्याच्या चाळीचा, एक नुसत्या हातांचा, कांदा निवडणारे आजीचे हात. मी विचारलं, "तिसरा कुठाय?" ती म्हणाली, "आजी म्हणाली, तोंडाचा नको, लुगडं मळलंय. मग नाही काढला."

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. शिकवणार कसा? मी स्वतः कधी कुणाला विचारलंय? नाक गळणाऱ्या पोराचा, ताटावर वाकलेल्या पोराचा फोटो काढून मी ग्रुपवर टाकून मोकळा झालोय. वह्यावाटपाचे फोटो आठवा. वही धरलेलं पोर कॅमेऱ्याकडे बघतंय, देणारेही कॅमेऱ्याकडेच बघताहेत, वहीकडे कुणाचंच लक्ष नाही. तसे फोटो मीच काढलेत आणि "जरा हसा रे" असंही मीच म्हटलंय.

म्हणून माझा आग्रह आहे की फोटो काढायला शिकवताना उजेड, जागा आणि परवानगी हे तिन्ही एकाच दिवशी शिकवावं. अहवालासाठी फोटो लागतात, ते मला माहीत आहे. पण पाठीमागून काढलेला, हातांचा, वहीतल्या अक्षराचा फोटोही पुरावाच असतो. आता मी परिपाठाला आधी विचारतो. पहिल्याच दिवशी दुसरीतला एक मुलगा "मला नको" म्हणाला आणि बाजूला जाऊन उभा राहिला. कारण विचारायचा मोह झाला, विचारलं नाही. त्या दिवशीच्या फोटोत पटावर 22 आणि रांगेत 21.

पालकांना एक सांगणं. एका आईनं मला ऐकवलं, "सर, आम्ही मोबाइल हातातून काढून घेतो आणि तुम्ही देता!" त्यांचं चुकत नाही. म्हणून रविवारी दहाच मिनिटं द्या, नेट बंद करून. तीन फोटो झाले की फोन परत तुमच्याकडे. मग शेजारी बसून एकेका फोटोबद्दल विचारा: इथंच का उभा राहिलास? उजेड कुठून येत होता? हे बोलणं फोटो काढण्यापेक्षा जास्त वेळ चालतं, आमच्या वर्गात तरी चाललं.

माझा फोटो शेवटी शनिवारी निघाला. त्यांनी मला दाराकडे तोंड करून खुर्चीवर बसवलं, मागचा फळा पुसला आणि तिनं विचारलं, "सर, काढू का?" मी शर्टाची कॉलर नीट केली आणि हो म्हटलं.