वेग वाढला, विवेकाचे काय?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. तेव्हा टेलिफोनच्या तारेतून सेकंदाला जेमतेम ९,६०० बिट येत. ८० लाख बिटांच्या एका छायाचित्राला सुमारे १४ मिनिटे लागत. साहजिकच वापरणारे थोडे, वापरही मोजूनमापून.

आज आपल्या मंगरूळपीरच्या बाजारात तेच छायाचित्र मोबाईलवर क्षणात येते आणि क्षणात पुढे जाते. खरेखोटे तपासायला मात्र माणसाला पूर्वीइतकाच वेळ लागतो. तो न दिल्यास काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात, मुले पळविणाऱ्या टोळीच्या मोबाईलवरून पसरलेल्या अफवेपायी जमावाने पाच निरपराध माणसे मारली.

प्रयोगशाळेत आपण एकाच निरीक्षणावरून निष्कर्ष काढीत नाही. संदेश पुढे धाडतानाही हाच नियम पाळा.