तीस मिनिटांची बाजू



साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. ही तीस मिनिटे म्हणजे आरंभीची शिल्लक, आणि एकेक गाणे म्हणजे खर्ची पडणारी रक्कम. बँकेत नुकताच लागलेला मी रोजमेळाच्या कागदावर गाण्यांची नावे, मिनिटे व सेकंद मांडीत असे आणि तेरीज जुळली की मगच टेपरेकॉर्डरची दोन बटणे एकदम दाबीत असे. शेवटचे गाणे अर्ध्यात तुटणे हा माझ्या लेखी खाते न जुळण्याइतकाच अपराध होता.

१९८४ साली माझी बदली सडक अर्जुनीला झाली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता; तो १ मे १९९९ रोजी झाला. आम्ही भंडारा जिल्ह्याचे. मुंबई-कलकत्ता हमरस्त्याच्या आधाराने वाढलेले हे गाव. नावातली ‘सडक’ही अर्जुनी मोरगावापासून वेगळे ओळखण्यासाठीच. धानाचा हंगाम सोडला तर संध्याकाळ रिकामी. आमच्याच समाजातील एका किराणा व्यापाऱ्यांच्या घरामागची खोली मला भाड्याने मिळाली होती. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. दुकानात काटा त्याच्या हाती असे, पण जीव गाण्यांत.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली, तरी आमच्यासारख्यांच्या घरी ती पोहोचायला ऐंशीचे दशक उजाडावे लागले. टी-सिरीजने ती स्वस्त केल्यावर तर किराणा दुकानातही कॅसेटी टांगलेल्या दिसू लागल्या. परंतु विकतच्या कॅसेटीत दुसऱ्याची निवड असते. आम्हांला आपली निवड हवी होती. ‘चितचोर’मधील रवींद्र जैन यांची गाणी तर आमच्या प्रत्येक कॅसेटीत असत, ते ‘आपले’ असल्याचा अभिमान त्यात होताच, पण गाणीही तशीच होती. मित्राच्या लग्नात, बदली होणाऱ्या सहकाऱ्याला, सासरी जाणाऱ्या बहिणीला आम्ही अशा कॅसेटी दिल्या. वेष्टनाच्या आतल्या कागदावर सुवाच्य अक्षरांत यादी लिहायचे काम माझे. फीत गुंतली की पेन्सिल घालून चाक फिरवायचे, स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसायचे काम त्याचे.

त्याची ताई जबलपूरला दिलेली होती. तिच्यासाठी त्याच्या आईचा आवाज भरून ठेवावा, ही कल्पना माझीच. आईंना सारे ‘बा’ म्हणत. पहाटे त्यांचे भक्तामर चाले. अठ्ठेचाळीस श्लोक मुखोद्गत. एका दुपारी पंखा बंद करून, दार लावून आम्ही ते भरले. शेवटी उरलेल्या जागेत ‘मेरी भावना’. ताईकडे तेव्हा टेपरेकॉर्डर नव्हता, म्हणून कॅसेट माझ्याकडेच ठेवली. ताबडतोब करायची एक गोष्ट मात्र राहिली: मागच्या कडेवरचे प्लास्टिकचे दात मोडणे. ते मोडले की त्या कॅसेटीवर दुसरे काही भरता येत नाही. वर नावही लिहिले नव्हते. अक्षर सुंदर यायला हवे म्हणून नव्या पेनची वाट पाहत होतो.

पुढच्या बुधवारी गीतमाला होती. बल्ब मंद, व्होल्टेज उतरलेले. हाताला लागलेली कॅसेट कोरी समजून मी घातली आणि अमीन सायानींचा आवाज भरू लागलो. बाजू संपण्याआधीच वीज गेली. सेलही उतरलेले. अंधारातच बटण उठवून मी झोपलो. सकाळी फीत मागे नेऊन लावली, तेव्हा काय पुसले गेले ते कळले. पुढे ऐकण्याचा धीर झाला नाही.

बोललो नाही. आज सांगू, उद्या सांगू, पुन्हा भरून घेऊ, असे करता करता दोन पावसाळे गेले, आणि बा गेल्या. तेराव्यानंतर मित्र कॅसेट मागायला आला. मी म्हणालो, “दमट हवेने फीत खराब झाली, त्यात काही उरलेले नाही.” त्याने कॅसेट घेतली, खिशात ठेवली. एका पैशाचा फरक सापडेपर्यंत घरी न जाणारा माणूस मी. मित्राला सरळ खोटे सांगून शाखेत गेलो.

त्यानंतर बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, कॅसेटी माळ्यावर गेल्या. दरवर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी त्याला ‘उत्तम क्षमा’ म्हणत आलो. पण कशाची, ते कधीच सांगितले नाही. मोघम क्षमा मागणे फार सोपे असते.

२०२४ च्या फेब्रुवारीत आचार्यश्री विद्यासागरजी महाराजांची डोंगरगडला समाधी झाली, १८ तारखेला. दोनच दिवसांनी अमीन सायानी गेले. माझ्या खोक्यात दोघांचेही आवाज होते. आचार्यश्रींच्या प्रवचनांच्या कॅसेटी पुढे कुणी कुणी दिल्या होत्या. ते खोके मी खाली काढले, आणि त्या वर्षीच्या क्षमावाणीला मित्राला फोन करून सारे सांगितले. दात, पेन, वीज, दमट हवा, सगळे.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मला ठाऊक आहे. त्याच रात्री लावली होती. आधी तुझी गाणी, मग खटकन आवाज, आणि पुढे बा. चार मिनिटे असेल. ‘मेरी भावना’चा शेवट.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. नंतर राहूनच गेले.”

कॅसेट आता ताईकडे जबलपूरला आहे. भाच्याने ती मोबाईलवर घेतली आहे, पुढच्या गाण्यांसकट. ती गाणी काढून टाक म्हटले तर ताई ऐकत नाही. तिला बांचा आवाज त्या सायानींच्या मागूनच येण्याची सवय झाली आहे. त्याने मला ते पाठवले. मी ते पहिल्यापासून ऐकले, सव्वीस मिनिटे धीर धरून. खट्ट झाले. बांचा किंचित थरथरता सूर आला, शेवटचे कडवे झाले, आणि मग मला मुळीच न आठवणारे एक वाक्य:

“झाले ना रे? बंद कर आता ते यंत्र, वीज जळते.”